पित्ताच्या गोळीचा हिशेब

देशाच्या औषध महानियंत्रकांनी जुलै २०२५ मध्ये सर्व राज्यांच्या औषध नियंत्रकांना एक पत्र धाडले. आम्लपित्तावर वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या रॅनिटिडीन या औषधात 'एनडीएमए' नावाची अशुद्धी किती आहे, यावर उत्पादकांना लक्ष ठेवण्यास सांगावे, असा त्या पत्राचा आशय होता. त्याआधी एप्रिल महिन्यात औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने एका तज्ज्ञ समितीच्या अहवालावर विचार करून काही शिफारशी केल्या होत्या. कच्च्या मालात आणि तयार गोळीत अशुद्धी तपासावी, आवश्यक तर औषधाची मुदत कमी करावी, साठवणुकीसह सर्व बाजूंचा विचार करण्यासाठी अधिक मोठी समिती नेमावी आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुरक्षिततेचा अभ्यास करावा, असे त्यात होते. बातमी आली आणि गेली. ज्या प्रश्नावर अमेरिका आणि युरोपने २०२० मध्ये निर्णय घेऊन टाकला, त्याच प्रश्नावर पाच वर्षांनी भारतात 'लक्ष ठेवा' असे सांगणारे पत्र निघते, ही बाब एरवी खळबळजनक ठरली असती. पण पित्ताच्या गोळीला औषध मानण्याची सवयच समाजातून गेली आहे. मीठ-मोहरीच्या डब्याशेजारी जिची पट्टी असते, त्या गोळीविषयी कोणी चिंता करीत नाही.

या गोळीचा पूर्वेतिहास मात्र मोठा दिमाखदार आहे. १९७० च्या दशकापर्यंत जठरातील व्रणावर, म्हणजे अल्सरवर, खात्रीचा उपाय नव्हता. दूध प्यावे, तिखट टाळावे, चिंता करू नये, असा सल्ला मिळे आणि तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेने जठराचा भाग काढून टाकला जाई किंवा आम्ल स्रवण्याची आज्ञा देणारी मज्जा कापली जाई. ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्लनिर्मितीचा एक दरवाजा नेमका शोधला. हिस्टामिन हा रेणू जठराच्या पेशीवरील ज्या ग्राहकावर बसून आम्ल स्रवण्याचा इशारा देतो, तो ग्राहकच अडवून धरणारे सिमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये बाजारात आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रॅनिटिडीन हा त्याच घराण्यातील पुढचा वारस. १९८१ मध्ये ग्लॅक्सोने ते आणले आणि काही वर्षांतच ते जगातील सर्वाधिक खपाचे औषध बनले. भारतात अनेक कंपन्यांनी ते बनविले आणि अगदी थोड्या पैशांत मिळणारी ही गोळी खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रापासून महानगरातील रुग्णालयापर्यंत सर्वत्र पोहोचली. तिने असंख्य शस्त्रक्रिया टाळल्या, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील व्हॅलिशुअर या खासगी प्रयोगशाळेने रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए आढळल्याचे जाहीर केले. हा नायट्रोसअमाइन गटातील पदार्थ आहे. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो हे दीर्घकाळ माहीत आहे. माणसाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'संभाव्य कारक' या वर्गात ठेवले आहे. खारविलेले मांस, काही ठिकाणचे पिण्याचे पाणी, तंबाखूचा धूर यांतूनही तो अल्प प्रमाणात शरीरात जातोच. म्हणून औषधासाठी दिवसाला ९६ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरलेली आहे. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. मर्यादा किती काटेकोर आहे, हे त्यावरून कळावे.

याआधी २०१८ मध्ये रक्तदाबावरील काही औषधांतही हाच पदार्थ सापडला होता. तेथे दोष उत्पादनाच्या पद्धतीत होता आणि पद्धत बदलून तो दूर करता येत होता. रॅनिटिडीनचे दुखणे निराळे निघाले. या रेणूच्या रचनेतच एनडीएमए बनण्यासाठी लागणारे तुकडे आहेत. काळ लोटला आणि उष्णता मिळाली की कारखान्यातून शुद्ध निघालेली गोळीदेखील बंद पाकिटात बसल्या बसल्या अशुद्ध होऊ लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १ एप्रिल २०२० रोजी सर्व कंपन्यांना रॅनिटिडीन बाजारातून मागे घेण्यास सांगितले, त्यामागचे कारण हेच होते. साध्या साठवणुकीतही अशुद्धी वाढते आणि जास्त तापमानात ती लक्षणीय वाढते, असे त्यांच्या तपासणीत आढळले. त्याच महिन्याच्या अखेरीस युरोपच्या औषध संस्थेनेही विक्री स्थगित करण्याची शिफारस केली.

भीती किती बाळगावी, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गोळी पोटात गेल्यावर तिचे एनडीएमएमध्ये रूपांतर होते की काय, ही सर्वांत मोठी शंका होती. अमेरिकी प्रशासनाने निरोगी व्यक्तींवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसे आढळले नाही. रॅनिटिडीन घेणाऱ्यांत कर्करोग वाढल्याचे निर्विवाद चित्रही मोठ्या पाहण्यांतून पुढे आलेले नाही. फ्लोरिडातील एका संघीय न्यायाधीशांनी डिसेंबर २०२२ मध्ये शास्त्रीय पुरावा विश्वासार्ह नसल्याचे सांगून हजारो दावे फेटाळले. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएसके कंपनीने राज्य न्यायालयांतील सुमारे ८० हजार दावे मिटविण्यासाठी २.२ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड जाहीर केली, अर्थात दोष कबूल न करता. न्यायालयातील तडजोड म्हणजे शास्त्राचा निर्वाळा नव्हे. ज्यांनी कधीकाळी ही गोळी घेतली त्यांनी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या औषधाला तितकेच परिणामकारक पर्याय आहेत, त्यात टाळता येण्याजोगा धोका का पत्करावा, हा परदेशी नियंत्रकांचा युक्तिवाद बिनतोड होता.

भारताने काय केले? सप्टेंबर २०१९ मध्येच औषध महानियंत्रकांनी राज्यांमार्फत उत्पादकांना तपासणी करण्यास सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांची नवी राष्ट्रीय सूची आली, त्यातील ३८४ औषधांत रॅनिटिडीनला जागा मिळाली नाही. वगळलेल्या २६ औषधांत ते होते. पण सूचीतून वगळणे म्हणजे बंदी नव्हे. केंद्र सरकारला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ अ खाली बंदी घालता येते. तसे केले गेले नाही. उत्पादनाचे परवाने राज्ये देतात, त्यामुळे केंद्राचा अधिकारी पत्र लिहितो, राज्याचा अधिकारी ते पुढे पाठवितो आणि कंपनी आपल्याच प्रयोगशाळेचा अहवाल फायलीला लावते. या रचनेत कोणी एक दोषी ठरत नाही आणि कोणी एक जबाबदारही ठरत नाही.

त्यातही उष्णतेचा मुद्दा हा खास आपला मुद्दा आहे. औषधाच्या पाकिटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असे छापलेले असते. अकोला, चंद्रपूर, जळगाव येथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालचे औषध दुकान, घाऊक व्यापाऱ्याचे गोदाम, माल वाहून नेणारा टेम्पो आणि शेवटी स्वयंपाकघरातील ओट्याजवळचा डबा, असा या गोळीचा प्रवास असतो. वितरणाच्या साखळीत वातानुकूलन मिळते ते लशींना आणि इन्सुलिनला. गोळ्यांना 'काही होत नाही' असे सर्वांनी मानलेले असते. बोस्टन वा ब्रसेल्सच्या हवामानात जे औषध नियंत्रकांना पुरेसे स्थिर वाटले नाही, ते विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांची मुदत घेऊन कसे टिकत असेल, हा प्रश्न विचारण्यासाठी रसायनशास्त्रातील पदवीची गरज नाही. साठवणुकीचा अभ्यास व्हावा ही शिफारस २०२५ मध्ये झाली. ती २०२० मध्ये व्हायला हवी होती.

मधल्या काळात बाजाराने आपला मार्ग शोधला. रॅनिटिडीनची जागा पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल या औषधांनी कितीतरी आधीच बळकावायला सुरुवात केली होती. २०१९ नंतर उरलेसुरले राज्यही बरेचसे त्यांच्याकडे गेले. १९८८ मध्ये स्वीडनहून निघालेले ओमेप्राझोल हा या कुळाचा मूळ पुरुष. जठराच्या पेशीत आम्ल बाहेर फेकणारा जो सूक्ष्म पंप असतो, तोच ही औषधे बंद पाडतात. हिस्टामिनचा एक दरवाजा अडविण्यापेक्षा हे अधिक मूलगामी, म्हणून परिणामही अधिक. पण पंप चालू असेल तेव्हाच तो बंद पाडता येतो आणि तो चालू होतो अन्न पोटात जाऊ लागले की. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर घाईने गिळलेली किंवा रात्री भरपेट जेवून वर घेतलेली गोळी तिच्या निम्म्या गुणालाही उतरत नाही. मग 'या गोळीने बरे वाटत नाही' म्हणून अधिक ताकदीची मागितली जाते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या गोळीने मिळविलेले स्थान पाहण्यासारखे आहे. ताप असो, दातदुखी असो, प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा कोर्स असो, पहिल्या ओळीत 'सकाळी उपाशीपोटी' असे लिहून ही गोळी येते. औषधांमुळे पित्त होऊ नये, हे त्याचे समर्थन. बहुतेक प्रतिजैविकांमुळे होणारी मळमळ आम्ल वाढल्यामुळे होत नसते, त्यामुळे या गोळीचा तेथे उपयोग नसतो. पण रुग्णाला ती हवी असते, डॉक्टरांना तक्रार नको असते आणि कंपनीचा प्रतिनिधी दर महिन्याला येतच असतो. कोर्स संपतो, गोळी सुटत नाही. दुकानातून ती पुढे चालू राहते.

दीर्घकाळ घेण्याचे तोटे सांगताना अतिशयोक्तीचा मोह टाळावा लागतो. अमेरिकी नियंत्रकांनी २०१० मध्ये हाडे मोडण्याच्या, २०११ मध्ये रक्तातील मॅग्नेशियम घटण्याच्या आणि २०१२ मध्ये एका विशिष्ट जिवाणूमुळे होणाऱ्या चिवट जुलाबाच्या धोक्याबद्दल इशारे दिले. भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या शिफारशीनंतर २०२० मध्ये मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्याच्या शक्यतेचा उल्लेख माहितीपत्रकात करण्याचे आदेश निघाले. यातील बरेचसे निष्कर्ष पाहणीवर आधारलेले आहेत. जे रुग्ण या गोळ्या अधिक घेतात ते मुळातच अधिक आजारी व वयस्क असतात, हे त्यांतील व्यंग. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७ हजार ५९८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला पॅन्टोप्राझोल आणि दुसऱ्याला नुसतीच साधी गोळी देण्यात आली. सुमारे तीन वर्षांच्या काळात आतड्यांचा संसर्ग तेवढा पहिल्या गटात थोडा अधिक आढळला, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. बाकीचे धोके सिद्ध झाले नाहीत. म्हणजे या गोळ्या विष नाहीत. पण जेथे दूषित पाण्यातून जुलाब होणे हा पावसाळ्याचा नित्यक्रम आहे, तेथे जठरातील आम्लाची तटबंदी वर्षभर पाडून ठेवणे शहाणपणाचे नाही. आम्ल हे शरीराचे चुकून झालेले उत्पादन नाही. अन्नाबरोबर येणारे बहुसंख्य जंतू त्यातच मरतात.

सर्वांत कमी चर्चिला जाणारा परिणाम निराळाच आहे. पंप बंद पडला की शरीर तो चालू करण्यासाठी अधिक इशारे पाठवू लागते. गोळी अचानक थांबविली की साचलेले इशारे एकदम कामाला लागतात आणि पूर्वीपेक्षा अधिक आम्ल स्रवते. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पित्ताचा कसलाही त्रास नसलेल्या १२० धडधाकट लोकांतील निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन मग ते बंद केले. त्यानंतरच्या महिन्यात त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर अशी लक्षणे जाणवली. ज्यांना साधी गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. औषधाने रोग नसलेल्याला रोगाची चव दिली. 'दोन दिवस गोळी चुकली की लगेच त्रास होतो, म्हणजे मला तिची गरजच आहे', हा घरोघरचा अनुभव या प्रयोगाच्या प्रकाशात पुन्हा वाचायला हवा. गोळी हळूहळू कमी करीत, एक दिवसाआड घेत, मध्ये साध्या आम्लशामक द्रवाचा आधार घेत सोडता येते. पण हे सांगायला वेळ लागतो आणि बाह्यरुग्ण विभागात वेळच नसतो.

आपल्याकडे साधे पॅन्टोप्राझोलही पुरत नाही. डॉम्पेरिडोन या मळमळ थांबविणाऱ्या औषधाशी केलेले त्याचे मिश्रण देशभर प्रचंड खपते. डॉम्पेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्याने युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याच्यावर मर्यादा घातल्या. फक्त मळमळ व उलटीसाठी, एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सर्वसाधारणपणे एका आठवड्याहून अधिक नाही. पोट फुगणे आणि छातीत जळजळणे यांसाठी ते वापरूच नये, असेही सांगितले. अमेरिकेने तर या औषधाला मान्यताच दिलेली नाही. भारतात नेमके जळजळ आणि पोट फुगणे यांसाठी, महिनोन्महिने, ज्येष्ठ नागरिकांना ते पित्ताच्या गोळीत मिसळून दिले जाते. एखाद्याला पॅन्टोप्राझोल वर्षभर लागेलही, डॉम्पेरिडोन वर्षभर लागण्याचे कारण नसते. मिश्रणात दोन्ही एकमेकांना बांधलेली असतात.

मिश्रणांचा हा सोस मोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता आणि त्याचा संबंध बेळगावशी आहे. तेथील केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अहवालानुसार मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरविली, सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार सुचविला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे पुन्हा बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी आली, त्यात पचनसंस्थेसाठी विकली जाणारी काही मिश्रणेही होती. अशा प्रत्येक फेरीत कडेची, कमी खपाची मिश्रणे जातात आणि मधली, भरपूर खपाची शाबूत राहतात, अशी शंका येते.

उशीर ही या क्षेत्रातील जुनी परंपरा आहे. सिसाप्राइड हे छातीतील जळजळीवरचे औषध. हृदयाची लय बिघडल्याच्या ३४१ घटना आणि त्यांत ८० मृत्यू नोंदविले गेल्यावर अमेरिकेत त्याची सर्वसाधारण विक्री जुलै २००० मध्ये थांबली. भारतात बंदी आली फेब्रुवारी २०११ मध्ये. त्याहीआधीची गोष्ट क्लायोक्विनॉलची. आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना मेक्साफॉर्म, एंटरोक्विनॉल ही नावे आठवत असतील. प्रवासाला निघताना पिशवीत जुलाबाची ती गोळी असेच. जपानमध्ये याच औषधाने सुमारे दहा हजार लोकांच्या पायांतील बळ गेले, अनेकांची दृष्टी गेली. तेथे सप्टेंबर १९७० मध्ये त्यावर बंदी आली आणि १९७८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपन्या व सरकार दोघांनाही जबाबदार धरले. भारतात त्यानंतरही अनेक वर्षे ते औषध निर्धोक समजून विकले गेले. भारतीयांना त्याचा तसा त्रास होत नाही, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. तो तपासायला कोणाच्या नोंदी नीट होत्या?

नोंदींचा प्रश्न आजही तसाच आहे, कारण पित्ताची गोळी ज्या तक्रारीवर घेतली जाते ती तक्रारच मराठी माणूस एका ऐसपैस शब्दात सांगतो. डोके दुखले की पित्त, मळमळले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आयुर्वेदाला पित्त ही व्यापक संकल्पना अभिप्रेत आहे आणि माधवनिदानात आम्लपित्ताचे वेगळे वर्णनही आहे. पण आधुनिक औषध घेताना तो व्याप आड येतो. अर्धशिशीचे डोके दुखणे किंवा गांधी उठणे यांच्याशी जठरातील आम्लाचा संबंध नसतो. ज्याला शरीरशास्त्र पित्तरस म्हणते तो तर यकृतात तयार होतो आणि आम्लाला मारणारी गोळी त्याला हातही लावीत नाही. दुकानदार मात्र 'पित्त' हा एकच शब्द ऐकतो आणि एकच पट्टी काढून देतो.

'गॅस' या शब्दाचे तर परिणाम जीवघेणे आहेत. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला की कित्येकदा दुखणे छातीत न होता पोटाच्या वरच्या भागात होते, सोबत मळमळ आणि घाम येतो. मधुमेह असलेल्यांत दुखणे आणखीच अस्पष्ट असते. पहाटे असा त्रास झालेला माणूस गॅस झाला म्हणून सोडा पितो, पित्ताची गोळी घेतो आणि तास-दीड तास वाट पाहतो. हृदयविकारात त्याच तासाला सर्वाधिक किंमत असते. हृदयरोगतज्ज्ञांना ही कथा तोंडपाठ आहे.

याच गोळीमागे आणखी एक गोष्ट लपते. अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो, हा समज ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी मोडीत काढला. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्याचे प्रमुख कारण आहे, हे पटवून देण्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे मिश्रण स्वतः प्यायले आणि आजारी पडून दाखविले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू भारतात फार मोठ्या लोकसंख्येच्या पोटात वस्तीला आहे. सर्वांनाच त्याचा त्रास होत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या कर्करोग संशोधन संस्थेने एनडीएमएला 'संभाव्य' म्हटले, तिनेच १९९४ मध्ये या जिवाणूला माणसात कर्करोग घडविणाऱ्या निश्चित कारकांच्या पहिल्या वर्गात बसविले आहे. गोळीतील संभाव्य कारकावर खटले चालले, पत्रे निघाली. पोटातील निश्चित कारकाची साधी तपासणीही वर्षानुवर्षे गोळी खाणाऱ्या बहुतेकांची झालेली नसते. श्वासाची किंवा शौचाची एक चाचणी त्याला पुरते. त्यातील विपर्यास असा की, पंप बंद करणारी गोळी चालू असताना ही चाचणी जिवाणू असूनही 'नाही' सांगू शकते. चाचणीपूर्वी किमान दोन आठवडे गोळी थांबवावी लागते. जी गोळी लक्षण झाकते, ती कारणही झाकते. जिवाणू सापडला तर दोन प्रतिजैविकांसह हीच गोळी साधारण चौदा दिवस घ्यायची असते. तेथे ती खरी औषध असते आणि तिला शेवटही असतो.

अशा आणखी जागा आहेत, जेथे ती सोडणे धोक्याचे ठरेल. सांधेदुखीसाठी दीर्घकाळ वेदनाशामके घेणारे वृद्ध, हृदयविकारानंतर ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध घेणारे, पूर्वी जठरातून रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला तीव्र इजा झालेले रुग्ण, यांना या गोळीचे संरक्षण हवेच असते. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल दिले जाते, कारण ओमेप्राझोल त्या औषधाचा गुण कमी करते. इतका बारकावा दुकानाच्या काउंटरवर सांभाळला जात नाही. दुर्दैव असे की, गोळ्यांवरची बातमी वाचून घाबरून ती प्रथम सोडतात ते बहुधा असेच गरजू रुग्ण. नुसत्या सवयीने घेणारे निवांत असतात. वजन घटणे, गिळताना अडकणे, काळी शौचाला होणे, रक्तक्षय, रक्ताची उलटी, यांपैकी काहीही असेल तर गोळी बदलून पाहण्यात दिवस घालवू नयेत. तेथे दुर्बिणीने तपासणी हाच मार्ग आहे.

या गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नये असे छापलेले असते. राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत दुकानदार निदान बिचकतो, पित्ताच्या गोळीला चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल हे त्याला ठाऊक असते. सरसकट छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. ज्या तालुक्यात डॉक्टरच दूर आहे तेथे जळजळीवरची गोळी मिळूच नये, असेही कोणी म्हणणार नाही. त्यासाठी चौदा दिवसांपुरते छोटे पाकीट, त्यावर मराठीत ठळक अक्षरांत 'दोन आठवड्यांत बरे न वाटल्यास डॉक्टरांना दाखवा' असा मजकूर आणि डॉम्पेरिडोनचे मिश्रण मात्र चिठ्ठीशिवाय मुळीच नाही, एवढे करणे शक्य आहे. अमेरिकेत विनाचिठ्ठी मिळणारे ओमेप्राझोल चौदा दिवसांच्याच कोर्ससाठी विकले जाते आणि चार महिन्यांच्या आत तो कोर्स पुन्हा करू नये असे पाकिटावर लिहिलेले असते. भारतीय कंपन्या तेथे माल पाठविताना हा मजकूर बिनतक्रार छापतात. रॅनिटिडीनच्या बाबतीत राज्याच्या प्रशासनाला दिल्लीच्या समितीची वाटही पाहावी लागणार नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस विदर्भ-खानदेशातील दुकानांतून नमुने उचलून त्यांतील एनडीएमए मोजणे, हे त्याच्या अधिकारातील काम आहे. नमुना कारखान्याच्या दारात न घेता ओट्याजवळच्या डब्यापर्यंतचा प्रवास झालेल्या मालातून घेतला, तरच त्या मोजणीला अर्थ राहील.